हवालदाराची कवायत

“खांदं सोड, राव. कुणी चोरून न्हेत न्हाई.”

भेटेल त्याला रामरामाच्या आधी हवालदाराचं हे. पलटणीतून सुटून तो पिंपरीच्या नव्या कारखान्यावर राखणदार लागला होता. बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथं खडी फोडायचो, बायको डोक्यावर पाट्या वाहायची.

उजाडलं की तो पवनेच्या काठी उभा. गुडघे जरा वाकलेले, पाठ ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ, हात पाण्यातून ओढावेत तसे संथ. पलटणीत असताना मलायात कुणा चिनी म्हाताऱ्यानं शिकवलेला व्यायाम. आम्हाला काय ठाऊक? बायांना वाटलं, याच्या अंगात येतं. एका मंगळवारी त्या हळदीकुंकू, नारळ घेऊन गेल्या आणि माझीच बायको पुढं होऊन त्याच्या पाया पडली.

“देवा, माझी पाठ लई दुखती.”

त्यानं डोळे उघडले. “वैनी, देव न्हाई, कवायत हाय. पन पाठीचं सांगतो.”

नारळ मात्र फोडला आणि सगळ्यांना वाटून खाल्ला.

त्यानं तिला बोट लावलं नाही. झुडपाआड उभं राहून मी बघितलंय. लांबूनच सांगायचा, “डोसकं आभाळाला टांगलंय समजा. कंबर खाली बसू द्या. मनात कुनाशी भांडू नका.” पुढं पुढं ती पाटी अशी न्यायची, जशी रिकामीच आहे. वर गुणगुणायची. माझ्या घरात कधी गुणगुणली नव्हती.

मी तालमीतला गडी. छाती पुढं, मान ताठ. एकदा चारचौघांत म्हणालो, “हवालदार, होऊन जाऊ द्या.”

“या, ढकला.”

मी होता नव्हता तो जोर लावला. तो नुसता कमरेत वळला आणि मी तोंडावर चिखलात. सगळे हसले. मला तिचंच हसू ऐकू आलं.

घरी म्हणालो, “उद्यापासून जायचं न्हाई.”

“अवो, तुमी बी चला की.”

मी गेलो नाही. ती थांबली नाही.

कारखाना उभा राहिला आणि तो दुसरीकडं कुठंतरी गेला. मी पेढे आणले. तिनंही एक खाल्ला. दुसऱ्या सकाळी आमच्याच अंगणात उभी राहिली, डोळे मिटून, हात संथ. ते जन्मभर.

म्हातारपणी एकदा तिची कवायत चालू असताना विचारलंच, “सय येती का गं त्याची?”

“कुनाची?”

“हवालदाराची.”

तिनं बराच वेळ आठवून बघितलं. “त्यो व्हय? चेहरा बी न्हाई आठवत.” आणि हात चालूच. चेहरा आठवला असता, तर मी भांडलो असतो. त्या हातांशी काय भांडणार?

औंदा माघात ती गेली. काळेवाडीतल्या तुम्ही मंडळींनी तिला पाहिलंय. शेवटची आंघोळ घालताना आतून एका शेजारणीचा आवाज आला, “बाई बाई, या वयात पाठ बघा कशी सरळ!”

मी दाराबाहेर बसलो होतो. बायको माझी गेली होती, आणि कौतुक त्याचं चाललं होतं.