भंडारा लावलेला ससा

चहाचं आधण उकळत होतं, धाकटीची एक वेणी घालून झाली होती, दुसरी हातात होती आणि आमचे हे शाळेत निघण्याआधी सायकलचं चाक दाबून बघत होते. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. हरणाबाई असेल असं मनातही आलं नाही. धाकटीसाठी ती शेळीचं दूध घालायची, पण ते मागच्या परड्याच्या दाराने. आणि दार वाजवायची तिला सवय नव्हती, "आवं वैनी" म्हणून थेट हाक यायची.

पण तीच होती. दोन्ही हातांनी पदर पोटाशी धरलेला, म्हणून दार कोपराने ठोकलेलं.

"परड्यात शेजारचं कुत्रं बसलंय, म्हून हिकडनं आले. दूध मागनं आनते. आधी ह्ये बघा."

पदरात ससा होता. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, डावा कान फाटलेला. पाठीवर हळदीचा पिवळा पट्टा.

हरणाबाई मूळची आटपाडीकडची. सासरी मेंढरं होती. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली आणि तिचा नवरा अर्जुना पलूसला उसाच्या पट्ट्यात कामाला आला. गावाबाहेरच्या वस्तीवर त्यांचं खोपट, दारात शेळ्या. ऊसतोड सुरू झाली की ती शेळ्यांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला फडात जायची.

फड तोडत आणला की शेवटच्या पट्ट्यात दडलेले ससे उसळून बाहेर पडतात. तोडणारे काठ्या घेऊन त्याचीच वाट बघत असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी करडा ससा निघायचा तिथे हा पांढरा निघाला. कुत्र्याने कान धरला. हरणाबाईने कुत्र्याला लाथ घातली, वाढ्यांची पाटी सशावर पालथी टाकली आणि वर स्वतः बसली.

"ऊठ गं हरणे," टोळीचा मुकादम कोंडीबा म्हणाला, "आमचं कालवन हाय त्ये."

"आरं, डोळं तरी बघ त्येचं. कुनाच्यातरी घरचं हाय."

"मग घरचं कालवन!"

सगळे हसले. हिने कमरेचा बटवा सोडला, त्यातला त्यांच्या बिरुबा देवाचा भंडारा चिमटीत घेतला आणि पाटीखाली हात घालून सशाच्या पाठीला फासला.

"बिरुबाला सोडला. आता शिजीव बघू."

कोंडीबाने काठी टाकली, कपाळाला हात लावला. जाता जाता म्हणाला, "देवालाबी कामाला लावलंस व्हय?"

हे सगळं तिने मला सांगितलं ते ससा गुडघ्यात दाबून धरून. मी कान धूत होते. ससा कुणाचा, हे गावात पुष्कळ विचारून पाहिलं. कुणी पुढे आलं नाही.

हरणाबाईने त्याला कोकरासारखं वाढवायला घेतलं. चिंधीची वात करून शेळीचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी सशाला ढाळ लागले. साताऱ्याला माहेरी माझ्या भावाने ससे पाळले होते, तेवढ्या माहितीवर मी म्हटलं, "दूध बंद करा. वाळलेलं गवत द्या."

"दूद न्हाई? मग त्ये वाढायचं कशावर?"

"वाढलेलंच आहे ते, हरणाबाई."

ती खो खो हसली. "व्हय की! माझ्यापरास म्हातारंबी आसंल."

ससा सावरला. त्याचं नाव तिने 'देवा' ठेवलं. "देवा, सरक की जरा," "देवा, शेन तुडवू नगंस," असं चालायचं. रात्री पाटीखाली ठेवायचा, पाटीवर दगड.

मग तिच्या एका शेळीचं दूध आटलं. वस्तीवरची थोरली अंबूबाई पाटीपाशी येऊन उभी राहिली.

"देवाला सोडल्यालं जनावर कोंडतीस? त्येला दावं न्हाई, कोंडवाडा न्हाई. तुला म्हाईत न्हाई?"

"माजी पाटी म्हंजी काय कोंडवाडा हाय, आत्ती?"

"मला काय इचारतीस? त्येलाच इचार."

पाटी उचलली गेली. शेळी गाभण होती म्हणून आटली, हे पुढे सगळ्यांना दिसलं, पण पाटी पुन्हा पडली नाही. एकदा बोलून दाखवलेला देवाचा नेम हरणाबाईला मोडता येत नव्हता.

देवा वस्तीवर मोकळा हिंडू लागला. माणसांची त्याला भीती नव्हती. खुद्द कोंडीबा त्याच्यापुढे गाजर टाकून जायचा. पण माणसं भंडारा ओळखतात, कुत्री ओळखत नाहीत. हरणाबाई काठी घेऊन बाहेर निजू लागली. अर्जुना आतून ओरडायचा, "देवाचा हाय न्हवं? मग देव राखंल. तू आत ये." ती म्हणायची, "देवाला लय कामं हायती."

दूध उशिरा येऊ लागलं. मी तांब्या रिकामा करून देईतो ती पायरीवर बसल्या बसल्या पेंगायची. रात्री हातून झोपेत काठी सुटत असणार, हे तिने न सांगताही कळत होतं.

एका सकाळी पुन्हा पुढचं दार वाजलं. तसाच पदर. या वेळी सशाच्या मांडीचे केस उपटून निघाले होते, कातडीवर दात उमटले होते. आम्ही जखम धुतली. ती बराच वेळ परड्याकडे बघत होती. तिथे आमची न्हाणी होती, पत्र्याच्या दाराची.

"वैनी, तुमची देवी कंची?"

"तुळजापूरची."

"म्हंजी बिरुबाला तुमी काय सबूद दिल्याला न्हाई."

"नाही."

"न्हानीत रातीचं कुनी जात न्हाई?"

"नाही जात."

तिने देवाच्या पाठीवरून हात फिरवला. भंडाऱ्याचा पट्टा आता फिकट झाला होता.

"सांजंला मी ह्येला तुमच्या परड्यात सोडून जात जाईन," ती म्हणाली. "सकाळी दूद घालाया आले की माज्या मागनं येईल तसा घिऊन जाईन. मधी तुमी न्हानीचं दार लावलं का न्हाई, तेवढं मला कवा सांगू नका."