आगबोटीतल्या दोन घागरी

अमरावतीत आमच्या आळीतलं कुणी आगबोटीनं कोकणात निघालं की आधी आमच्या ओसरीवर यायचं. बाबा वकील होते, पण त्यांचा जीव या फुकटच्या वकिलीत जास्त रमायचा. पानाचं तबक पुढं ओढून ते सुरू करायचे. बोटीच्या नाकाडाशी बसू नये, मधोमध बसावं, तिथं हेलकावा कमी. इंजिनाच्या भिंतीला बिछाना टेकवू नये, भाजून निघाल. पोटभर जेवून चढू नये. मुरमुरे आणि लिंबू जवळ ठेवावं. मळमळलं तर खाली लाटांकडे पाहू नये, लांबच्या किनाऱ्यावर नजर धरावी. आणि बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या पडावात उतरताना लाटेनं पडाव वर आला की पाऊल टाकावं, खाली गेल्यावर नाही. ऐकणारे माना डोलवायचे. हा गृहस्थ जन्मात एकदाच बोटीत बसला, तोही एकच दिवस, आणि त्यातला निम्मा दिवस आडवा होता, हे त्यांना कोण सांगणार?

सल्ला खोटा नव्हता. मला कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन. पण बाबांचं शेवटचं एक कलम असायचं, ते निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "पाणी घरचं न्यावं. आणि घरातलं एक माणूस सोवळ्यानं त्याच्यापाशी बसवावं. आम्हाला काही त्रास झाला नाही." आम्हाला म्हणजे कुणाला? ते एक माणूस म्हणजे माझी आई होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागली आणि बाबांनी कोकणातल्या कुलदैवताला जायचं काढलं. मी अकरा वर्षांची. अकोल्याला बाबांची थोरली बहीण, माझी विधवा आत्या, आमच्या डब्यात चढणार होती. म्हणजे सोवळं-ओवळं पाहायला माणूस तयार.

खरं तर जायचं आईमुळे ठरलं होतं. आईचं माहेर बाळापूर. तिथं किल्ल्याच्या पायथ्याशी मन आणि म्हैस या दोन नद्या मिळतात. लहानपणी तिनं आजोबांना विचारलं होतं, हे पाणी पुढं कुठं जातं? ते म्हणाले, पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीतून समुद्रात. तेव्हापासून तिला तो समुद्र पाहायचा होता. तिनं नवऱ्याकडे पाटल्या मागितल्या नाहीत, गोठ मागितले नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर एकदा म्हणाली, "मले एक डाव समुद्र दाखवा." आणि बाबा हो म्हणाले. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मग पाण्याचा प्रश्न निघाला. मुंबईच्या नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, ते पाणी आत्याला चालायचं नाही. बोटीवरच्या टाकीचं तर नावच नको. दशम्या दुधात भिजवलेल्या, त्या प्रवासात चालत. पाण्याला पळवाट नव्हती. म्हणून आमच्या विहिरीचं पाणी दोन तांब्याच्या घागरींत भरून, तोंडाला फडकी बांधून, अमरावतीहून मुंबईला नेलं. समुद्रावर जाताना विहीर बरोबर न्यायची, ही अक्कल आमच्याच घरची!

गाडी पहाटे पोचली. धर्मशाळेत आंघोळी उरकल्या, आईला सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसवलं आणि सगळे थेट धक्क्यावर. बोट आणि धक्क्याची भिंत यांच्या फटीत काळं, तेलकट पाणी होतं, त्यात केळीची सालं तरंगत होती. आई घाबरून म्हणाली, "हाच का?"

"हे बंदर," बाबा हसले. "समुद्र पुढं आहे."

आमची तिकिटं खालच्या डेकची. माणसं, ट्रंका, कोंबड्यांच्या टोपल्या, आंब्याच्या रिकाम्या करंड्या. एका कोपऱ्यात सतरंजी टाकून, दोरीवर लुगडं बांधून आडोसा केला. घागरी मधे. बोट हलली की त्या कलंडायच्या, म्हणून आईनं एक मांड्यांमधे धरली आणि दुसरीच्या गळ्याभोवती हात घातला. कुणाचा धक्का लागला तर सगळं पाणी बाद. पाचच मिनिटांत आत्याला इंजिनाच्या वासानं गरगरलं. "वहिनी, तू बस," असं म्हणून ती वर वाऱ्याला गेली. बाबा तर कधीच वर गेले होते, थेट नाकाडावर, धोतराचा सोगा धरून, जणू बोट तेच हाकत होते.

मी वर-खाली पळत होते. एकदा खाली आले तेव्हा आई म्हणाली, "तुह्ये गाल खारट झाले. कसा दिसते गं?"

"हिरवा. आणि काठच नाही."

"काठच नाई?"

मी म्हटलं, मी बसते घागरींपाशी, तू जाऊन ये. आई उठायला लागलीसुद्धा. तेवढ्यात आत्या जपमाळेची पिशवी न्यायला खाली आली. ती ओरडली, "तिच्या अंगावर शिवलेलं पोलकं आहे! शिवलं की गेलं पाणी." शिवलेल्या कपड्याला सोवळं नाही, हा नियम. आई परत बसली. मला तेव्हा आत्याच्या त्या पिशवीसकट तिला समुद्रात ढकलावंसं वाटलं. आजही वाटतं, आणि ती बिचारी जाऊन किती वर्षं झाली.

दुपारी बाबांना बोट लागली. वाईट लागली. नाकाडावरच ओकाऱ्या सुरू झाल्या, चेहरा पांढराफटक, सगळी वकिली उतरली. आत्या पलीकडे पदर तोंडावर घेऊन निजली होती. एक दाढीवाला म्हातारा मुसलमान खलाशी आला, त्यानं बाबांना काखेत हात घालून मधोमध आणून बसवलं. म्हणाला, "वकीलसाहेब, नाकाडावर कशाला बसलात? बोटीचं पोट मधे असतं. खाली नका बघू, तो डोंगर दिसतो ना, त्यावर डोळा ठेवा." त्यानं मूठभर मुरमुरे दिले. मग टाकीच्या पाण्यात लिंबू पिळून, मीठ घालून टमरेल पुढं केलं.

बाबांनी ते घटाघटा प्यायलं. आणखी एक मागितलं. तेही प्यायलं.

त्या खलाशाचं भलं होवो. बाबा प्यायले याचा मला तेव्हा राग नव्हता, उलट हायसं वाटलं. राग पुढच्या गोष्टीचा आहे. तोंड पुसून त्यांनी मला जवळ बोलावलं. "खाली बोलायचं नाही हं," ते म्हणाले. मी मान हलवली.

मी खाली गेले. आईचं लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं. ती म्हणाली, "त्याईले खाली पाठव. सकाळपासून पाण्याचा थेंब नाई पोटात. मी देतो लोटीभर."

"त्यांना तहान नाही," मी म्हटलं.

"नाई? बरं." आणि तिनं घागरीभोवतीचा हात आणखी घट्ट केला.

बंदरात पोचेपर्यंत अंधार पडला होता. हेलकावणाऱ्या पडावात आई डोळे मिटून, घागर छातीशी धरून बसली होती. कुलदैवताचं गाव डोंगरात, दोन कोस आत. बैलगाडीत आई म्हणाली, "दिसलाच नाई." बाबा म्हणाले, "येताना पाहशील की. वर बसवतो तुला." चार दिवस ती भटजींच्या स्वयंपाकघरात राबली. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि आत्यालाही चाललं. आमच्या घागरींतलं, एक तर पूर्ण भरलेली, आत्यानंच माडाच्या बुंध्याशी ओतायला लावलं. इतक्या लोकांत राहिलेलं पाणी, म्हणे, देवाला चालत नाही.

आणि येताना? येताना बाबांनी आगबोटीचं नावही काढू दिलं नाही. मोटारीनं घाट चढून, मग आगगाडीनं आम्ही घरी आलो. घरी आल्यावर आईनं घागरी चिंचेनं घासून लख्ख केल्या आणि फळीवर पालथ्या घातल्या.

आणि आठवड्याभरात बाबा ओसरीवर सल्ला देऊ लागले. नाकाडावर बसू नये. मुरमुरे ठेवावे. डोंगरावर डोळा ठेवावा. शब्द न् शब्द त्या खलाशाचा. पण त्या म्हाताऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी आतून ऐकायची आणि दात-ओठ खायची. सहा वर्षं ऐकलं.

मग एका मे महिन्यात अकोल्याचे एक वकील बायकोला घेऊन आले. त्यांना आगबोटीनं जायचं होतं. ती बाई आत आईशी बोलत बसली होती, पहिल्यांदाच समुद्र पाहायला मिळणार म्हणून हरखली होती. बाहेर बाबा शेवटच्या कलमावर आले. "पाणी घरचं न्या. आणि वहिनींना सोवळ्यानं त्याच्यापाशी बसवा. आम्हाला काही त्रास झाला नाही."

मी चहाचे कप घेऊन ओसरीवर आले होते. ते तसेच हातात धरून मी म्हणाले, "बाबा, तुम्ही स्वतः कुणाच्या हातचं प्यालात, तेही सांगा की. दोन टमरेलं. टाकीचं पाणी. आई खाली घागरी धरून बसली होती तेव्हा."

बाबांचा हात तबकावरच राहिला. पाहुणे अंगणाकडे पाहू लागले. मला वाटलं, आता बाबा उठतील आणि माझ्या थोबाडीत देतील. मी त्याला तयार होते. मनातून मला धन्य वाटत होतं. सहा वर्षांनी का होईना, आईच्या बाजूनं कुणी बोललं होतं.

आई दारात उभी होती. तिनं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"तुले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगितलं?" ती म्हणाली. "मी घागरी सोडून वर आली असती."