तांदळावर झोपलेला माणूस

आमच्या छोट्या शिडाच्या होडीत प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी बुडाखाली असते. तांदूळ नवऱ्याच्या बाकाखाली, स्टोव्हचं रॉकेल माझ्या. समुद्र खवळला म्हणून खाडीत नांगर टाकून बसलो, त्याला आज चौथा दिवस. बाहेर पाऊस, आत न वाळणारे टॉवेल, आणि वाऱ्यानं डोलकाठीवर सारखी टकटक आपटणारी दोरी. या चार दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललो ते जवळजवळ एवढंच.

"ऊठ रे जरा, तांदूळ काढायचेत."

"ऊठ गं जरा, रॉकेल संपलंय."

तो कण्हत उठतो, मी कपाळाला आठ्या घालून उठते.

घरी तीन खोल्या आहेत. तिथे कुणाला उठवावं लागत नाही, म्हणून आम्ही किती समजूतदार वाटतो! आता मला शंका येते, तो समजूतदारपणा आमचा नसून खोल्यांचाच असावा.

दुपारी तांदूळ काढायला वळले आणि लक्षात आलं, टकटक थांबलीय. वारा शिडापुरता उरला होता. खाडीबाहेर नेणारी ओहोटीही लागली होती. लगेच नांगर उचलला तर संध्याकाळी घरी. पण नांगर सुटेल या धास्तीनं रोज रात्र जागवणारा तो बाकावर आडवा झाला होता. तोंड उघडं, एका हातानं कठडा अजून घट्ट धरलेला. चार दिवस मी याच घटकेची वाट पाहत होते, आणि आता "ऊठ रे जरा" म्हणवेना.

मी गुपचूप माझ्या रॉकेलवर जाऊन बसले.