मासा कुठे ठेवायचा

द्रोणागिरीतल्या एका टॉवरच्या तळमजल्यावर आमची बालवाडी आहे. आता तिला बालवाडी म्हणायचं नाही, लर्निंग सेंटर म्हणायचं. हे बारसं वाशीहून येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलं. त्यांनी बाकं काढून गाद्या टाकल्या, घोकंपट्टी बंद केली. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यावर भाळले होते. मुलाला शिकवण्याआधी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते बघा, असं त्या सांगायच्या आणि मी ते वहीत उतरवून घ्यायचे.

मार्चमध्ये त्या प्रत्येक मुलाची चाचणी घेत. मूल सीनियरला जाणार की ज्युनियरलाच राहणार, ते त्यांच्या अहवालावर ठरायचं.

माझ्या वर्गात खाडीकाठच्या गावातली एक मुलगी होती. आई मासे विकते, बाप न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. बाईंनी तिच्यापुढे सहा चित्रं मांडली: मासा, गाय, कावळा, विळी, टोपली, बादली. जे एकत्र जातं ते एकत्र ठेव, म्हणाल्या. तिने मासा, विळी आणि टोपली एकत्र ठेवली. गायीजवळ बादली. कावळा हातात धरून जरा विचार केला आणि माशापासून वीतभर लांब ठेवला.

"तो म्हावरा पलवतो," ती म्हणाली.

बाईंना प्राणी एकीकडे आणि वस्तू एकीकडे हव्या होत्या. वर्गीकरण जमत नाही, असं त्यांनी लिहिलं आणि तुम्हाला काय वाटतं म्हणून माझ्याकडे बघितलं.

मला काय वाटायचंय? माझी आईही म्हावरंच विकायची. त्या मुलीच्या शेजारच्याच गावची मी. तिच्या वयाची असते तर मीही तसंच मांडलं असतं, कावळ्यासकट. पण शाळेत हे कुणाला ठाऊक नाही. बोलण्यातून तो वास घालवायला मी अर्धं आयुष्य घासलंय. सांगायला गेले असते तर मला कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली.

पोरगी ज्युनियरला राहिली. तिच्याबरोबर एका रिक्षाने येणारी चुलत बहीण पुढे गेली. आई विचारायला आली, वॉचमनने तिची टोपली गेटबाहेर ठेवायला लावली. मी तिला बाईंचेच शब्द ऐकवले, आकलन, टप्पा, वेळ द्या वगैरे. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी सांगता तं खराच असल." त्या क्षणी मला माझीच किळस आली.

पुढच्या मार्चमध्ये तीच चाचणी झाली. वर्षभर मी तिच्याकडून तयारी करून घेतली होती. म्हणजे तीच घोकंपट्टी, फक्त गादीवर बसून. तिने मासा उचलला, पण चित्राकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. हात विळीकडे वळला तशी माझी भुवई हलली, आणि तिने मासा गायीजवळ ठेवला. मग कावळाही तिथेच. छान प्रगती आहे, बाई म्हणाल्या, श्रेय तुमचं.

बाहेर चपला घालताना तिने मला विचारलं, "बाई, आईला पन सांगू काय, तुजा चुकतंय म्हनून?"

मी हो म्हणाले.