आमच्या घरी शब्दाला वेळ लागतो

मी पहिल्यांदा एकटी कॉलेजला निघाले, दापोलीच्या डेपोतून गाडी निघाली तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते आणि त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं. "प... प..." एवढंच झालं. मान एका बाजूला गेली, डोळे घट्ट मिटले, कंडक्टरनं बेल दिली आणि गाडी खेडच्या रस्त्याला लागली. तो शब्द कोणता होता ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागली असती.

बाबा अडखळत बोलतात. मीही. बुरोंडीत आमच्या वाडीला हे ठाऊक आहे, त्यामुळे तिथं कुणी वळून बघत नाही. बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, सगळे खलाशी त्यांच्या हाताखाली. पाण्यात त्यांनी हात वर केला की खलाशांना कळतं. जमिनीवरचं बोलणं आईकडं. शाळेत बाई माझी तोंडी परीक्षा लेखी घ्यायच्या. कागदावर मी कधीच अडखळले नाही, म्हणून बारावीनंतर मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागला. डॉक्टरला दिवसभर बोलावं लागतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याआधी प्रवेशाच्या दिवशी बाबा सोबत आले होते. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मुलीचं नाव?" पल्लवी. बाबांचा 'प' अडतो. मागे रांग थांबली, कुणीतरी हसलं. मी पुढं होऊन नाव सांगायला हवं होतं. मी भिंतीवरची नोटीस वाचत राहिले, जणू हा माणूस माझ्यासोबत आलेलाच नाही. ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितेय.

कॉलेजात महिन्याभरात मी एक युक्ती शिकले. ज्या शब्दावर अडकेन असं वाटायचं, तो टाळून दुसरा घ्यायचा. नाव विचारलं तर आयकार्ड पुढं करायचं. मेसमध्ये पोळीऐवजी भात घ्यायचा, कारण भात म्हणता यायचं. पण शरीरातल्या नसांना दुसरी नावं नसतात. पहिल्या वर्षाच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी माझ्या हातात दंडाचं हाड दिलं आणि त्यावरच्या खोबणीतून कोणती नस जाते ते विचारलं. रेडियल नर्व्ह. मला ती माझ्या स्वतःच्या दंडावरून जाताना दिसत होती. "र... र..." ते घड्याळाकडं बघून म्हणाले, "येत नसेल तर नाही म्हणून सांगा. वेळ घालवू नका." मी म्हणाले, "नाही सर." नाही म्हणणं सोपं होतं.

ॲनॅटमीत नापास झाले. पुरवणी परीक्षेला थोडेच आठवडे होते. मी बॅग भरली आणि सुट्टी लागली म्हणून सांगत घरी आले. पावसाळा होता, मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. बाबा पडवीत जाळं विणत बसलेले. चार दिवस मी घरात इकडून तिकडं नुसती फिरत होते. पुस्तक उघडायचं, मिटायचं. पाचव्या दिवशी आईनं विळी बाजूला सारली.

"सुट्टी नाय ही. काय झालंय तां सांग."

मी सांगितलं. आणि हेही सांगितलं की मला परत जायचं नाही, डॉक्टर होणं आपल्या घरातल्या माणसाचं काम नाही. आई बाबांकडं बघत राहिली. बोलायची वेळ आली की आई बोलायची, आज पहिल्यांदाच तिनं ते बाबांवर सोडलं. बाबांनी जाळ्यातून सुई काढली.

"म... मला सांग."

"सांगितलं की बाबा. नापास झाले."

"ता नाय. हा... हाडाचा सांग."

मला वाटलं, त्यांना काय कळणार. तरी सुरुवात केली. रेडियलवर अडकले. बाबा थांबले. त्यांनी शब्द पुरवला नाही, मान डोलावून धीर दिला नाही, नजरही काढली नाही. नुसते थांबले, जाळं मांडीवर घेऊन. किती वेळ गेला कोण जाणे. शब्द आला. "म... मग पुढं कुठं जाते ती?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर रोज दुपारी जेवणं झाली की पडवीत आमचा व्हायवा. बाबा प्रश्न विचारायला अडायचे, मी उत्तर द्यायला. आई आतून ओरडायची, "तुमचा एक हाड होयस्तोवर माझी भांडी झाली!" एकदा आम्ही दोघं एकाच वेळी अडकलो आणि आईला इतकं हसू फुटलं की आम्हीही हसायला लागलो. या अडखळण्यावर आमच्या घरात त्याआधी कुणी हसलं नव्हतं, आणि रडलंही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "त्यांना आधी स... सांगून टाक. मी बोटीवर नव्या माणसाला प... पहिल्याच दिवशी सांगतो."

परीक्षेत टेबलाशी बसल्यावर मी आधी तेवढंच म्हणाले. "मॅडम, मी अडखळते. उत्तर येतं. वेळ लागेल." त्या वाक्यालाही वेळ लागला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या वेळ." मी पास झाले. फार चांगले मार्क नव्हते, पण एकाही प्रश्नाला मी खोटं 'नाही' म्हटलं नाही.

पुढच्या वर्षांत वॉर्डात केस प्रेझेंट करताना माझी नक्कल करणारी मुलं होती, आणि 'तू पॅथॉलॉजी घे, तिथं बोलावं लागत नाही' असं मायेनं सांगणारेही होते. मी अडखळायची थांबले नाही. टाळायची तेवढी थांबले.

एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सेवेसाठी केंद्र निवडायचं होतं तेव्हा वाडीनं माझं ठरवूनच टाकलेलं. खेडला नाहीतर दापोलीला पोरगी येणार, मग बुरोंडीला दवाखाना काढणार. मीही तसंच म्हणत होते. पण जागावाटपाच्या त्या फेरीत आमच्याकडची जागा नव्हती, आणि मी मराठवाड्यातल्या एका आरोग्य केंद्रात रुजू झाले. वर्षभराचा प्रश्न, असं आईला सांगितलं.

तिथं एक म्हातारे गृहस्थ आले. लकव्यानंतर वाचा जवळजवळ गेलेली. सून म्हणाली, रुसलेत, जेवत नाहीत. मुलगा म्हणाला, हट्टी आहेत. मी त्यांनाच विचारलं, "काका, का जेवत नाही?" मुलानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मी त्याला हातानं थांबवलं. बाहेर ओपीडीची रांग लागलेली. मी थांबले. काकांचा ओठ हलला, पुन्हा हलला. शेवटी बाहेर पडलं, "ठ... ठसका." गिळताना घास श्वासनलिकेत जात होता आणि गुदमरून मरायच्या भीतीनं त्यांनी जेवण सोडलं होतं. ताठ बसवून घट्ट पेज कशी भरवायची ते सुनेला दाखवलं. ती रडायला लागली. काका दर महिन्याला येतात. त्यांच्या मागोमाग इतर येऊ लागले, ज्यांचं बोलणं घरच्यांनी ऐकायचं सोडून दिलं होतं असे.

वर्ष संपलं. दापोली तालुक्यात जागा निघाली. फॉर्म दोनदा भरला, दोनदा खोडला. मग मराठवाड्यातल्या त्या केंद्रातच राहायचं ठरवलं आणि सांगायला बुरोंडीला गेले.

कोकणातून तुमच्यातले जे मुंबईला किंवा आखातात गेलात, बोटींवर गेलात, त्यांना हे नव्यानं सांगायला नको. पोचल्यावर पहिली संध्याकाळ बरी जाते. दुसऱ्या दिवशी समुद्रावर जाऊन आलं की करायला काही उरत नाही, पाय वळवळायला लागतात. तिथं असताना बुरोंडीची सय येते, बुरोंडीत आल्यावर केंद्रात आज कोण आलं असेल याची काळजी. आणि जे मागं राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही विसरलो. विसरता आलं असतं तर नीट झोप लागली असती.

जेवताना मी सांगितलं. बाबा "ब... बरं" म्हणाले आणि ताटातल्या भातात बोटं फिरवत राहिले. आईनं विचारलं, "म्हणजे आता पावनी म्हणूनच येणार तू?" पाच दिवसांची रजा होती, मी तिसऱ्याच दिवशी परत निघाले.

सकाळी बॅग भरताना आई कपड्यांच्या घड्या करून देत होती. मी सहज म्हणाले, "काळजी करू नको, उद्या घरी पोचले की फोन करते."

आईचे हात थांबले. मलाही ऐकू आलं मी काय बोलले ते. शब्द बदलायला वेळ होता. टाळायची जुनी सवय जिभेवर आलीही होती. पण ते खोटं नव्हतं, म्हणून मी ते मागं घेतलं नाही. ज्या घरात मी हे बोलले तेही माझंच होतं, ते कसं सांगायचं मला कळेना.

आईनं शेवटची घडी घातली, बॅगेची चेन ओढली.

"कर हां," ती म्हणाली. "घरी पोचलीस की कर."