वाय दाबा, वहिनी

पनवेलहून रेवदंडा म्हणजे अडीच-तीन तासांची वाट. मला तिथे पोचायला दीड महिना लागला. कारणं विचाराल तर ढीगभर आहेत, धड एकही नाही.

काशीदादा गेला होता. न्हावा शेव्याच्या एका गोदामात आम्ही दोघं सर्व्हर सांभाळायचो, मला हे काम त्यानेच शिकवलं. मशीन बंद पडलं की बाकीचे सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसायचे, हा वाकून मागच्या वायरी चाचपायचा. "आधी हात लाव, मग तोंड उघड," हे त्याचं कायमचं. रेवदंड्याचा कोळी. वायरींना जाळ्याच्या दोऱ्याच्या गाठी मारायचा: एक गाठ पहिली डिस्क, दोन गाठी दुसरी. आमचे कागदी नंबर खाऱ्या हवेत महिन्यात गळून पडायचे, त्याच्या गाठी टिकायच्या.

निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेला एक सर्व्हर त्याने घरी नेऊन जोडला. रोज सकाळी माइकवर वारा कसा, पाणी कसं ते सांगायचा. ते बंदरावरच्या भोंग्यातून होड्यांना ऐकू जायचं आणि मशीनमध्ये साठायचं. शेवट ठरलेला, "जा, नि जेवाला घरी या." दुसरीकडे कॉपी ठेव म्हणून मी किती कानीकपाळी ओरडले! "घरातलं मशीन हाय, पळून जातंय थोडंच?" म्हणायचा.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा, हिरावहिनींचा, फोन आला होता. त्यांना त्याचा आवाज ऐकायचा होता. मशीन लावलं तर पडद्यावर काहीतरी इंग्रजीत विचारतंय, वाय दाबू की एन? मी एका गिऱ्हाइकाचं मशीन उघडून घाईत होते. "वाय दाबा, वहिनी," म्हटलं आणि फोन ठेवला. चार दिवसांनी पुन्हा फोन, मशीन गपगार. म्हटलं वायर सैल झाली असेल, येते. आणि दीड महिना गेले नाही.

शेवटी एका शनिवारी सकाळची अलिबाग एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, शिवाय खिडकी मिळाली. पेणपर्यंत रस्ता बरा, वडखळनंतर खड्डे कंबर मोजून घेतात, पाठीचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका. वडखळला वडापाव खाल्ला. तिखट आणि गरम, तक्रार नाही. अलिबाग स्टँडबाहेर रेवदंड्याच्या रिक्षा भरतात, भाडं आधी ठरवून घ्या. नागाव, चौल करत रस्ता सुपारीच्या वाड्यांतून जातो, इतका थंडगार की आपण कशासाठी निघालोय ते माणूस विसरावा. मी नाही विसरले.

वहिनी दारात जवळा वाळत घालत होत्या.

"आलीस गो बाय? मना वाटलं, न्हायच येत तू."

मी सरळ मशीनकडे गेले. वीज येईना, मागची मोठी वायर अर्धीच खोचलेली होती. मग नुसतीच टूं टूं. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासून बसवली, तेव्हा पडदा उजळला. कीबोर्ड लागेना, खाचेत हिरवा गंज. शेजारच्या खाचेत घातला, लागला. प्रत्येक वेळी वहिनी पुढे सरकत होत्या. मग लक्षात आलं, वायरींवर एकही गाठ नाही.

"गाठी कुठं गेल्या?"

"बाराव्याला खाडीत सोडल्या. आमच्या घरात गेल्या मानसाचा दोरा त्याच्यामागून पान्यात सोडतात. गाठीला सुरी लावाची न्हाय, म्हनून एकेक वायर काढून गाठी सरकवल्या. मग जमंल तशा परत लावल्या."

डिस्कच्या वायरी उलटसुलट लागल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! सरळ केल्या, पुन्हा चालू केलं. डिस्क दोन्ही दिसल्या, ठणठणीत आणि रिकाम्या. खाली तारीख होती, डिस्क नव्याने मांडल्याची. बाराव्याच्या दुसऱ्या दिवसाची.

उलट्या वायरींमुळे मशीनने तेव्हा विचारलं होतं ते हे: डिस्क ओळखू येत नाहीत, सगळं पुसून नव्याने मांडू का? आणि मी म्हटलं होतं, वाय दाबा.

"वाय दाबलं नि दिवा असा भरभर लुकलुकाला लागला," वहिनी म्हणाल्या. "दिसभर लुकलुकत हुता. मी हलदकुंकू लावलं त्याला. म्हटलं, याला आठवतंय सगळं."

तेव्हा ते पुसत होतं, वहिनी. हे मला सांगावं लागलं. सांगितलं, माझ्याच शब्दाने गेलं म्हणून. मला रडू आवरलं नाही. त्या उठून चुलीपाशी गेल्या. बऱ्याच वेळाने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढे ठेवली. "सपनात येतो तो, पन बोलत न्हाय गो," एवढंच म्हणाल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत, मीही माफी मागितली नाही.

रात्री तिथेच राहिले. सकाळी माइक आणि भोंग्याच्या वायरी साफ करून जोडल्या, नव्या दोऱ्याने गाठी मारल्या. वहिनींना म्हटलं, बोला. वारा उत्तरेचा, पानी बरं हाय, एवढं बोलून त्या थांबल्या. घर बंदराला लागूनच. खालच्या होडीवरून कुणीतरी ओरडलं, "वैनी, फुडचं?"

त्यांनी माइक घट्ट धरला. "जा," म्हणाल्या. पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

काशीदादाच्या मशीनमध्ये आता तेवढंच आहे.

पनवेलला परतल्यावर मी माझा फोन पालथा घातला, त्याचा आवाज कुठेच नाही. ध्वनिसंदेश त्याने कधी पाठवलाच नाही. बोलायचं तर फोन कर, म्हणायचा. रेवदंडा सुंदर आहे, किल्ल्याचा तट आहे, ताजी मासळी आहे, जरूर जा. कुणी वाट बघत असेल तर समुद्राचं निमित्त शोधत बसू नका.

सोमवारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "मॅडम, पडद्यावर काहीतरी विचारतंय. हो करू?"

"हात लावू नका," म्हटलं. "मी निघाले."