सारांची चार वाजताची कॉफी

‘थांबा, ती काय म्हणते ते सांगतों,’ असं सारांनी म्हणायचं आणि सांगण्याआधी कॉफीचा एक घोट घ्यायचा. एका हातात माइक, दुसऱ्या हातात स्टीलचा टंबलर. मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून धार सोडायची. खिडक्या झाकून खोली अंधारी केलेली, पडद्यावर वाघीण, आणि सारांच्या सदऱ्यावर एक थेंब पडलेला मी कधी पाहिला नाही.

त्या कॉफीत मी गोळीची पूड मिसळत होतो. सव्वा वर्ष. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या तंजावुरात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण ही लिपी वाचणारे थोडे. माझ्या मुलांना हे पान म्हणजे नक्षी. म्हणून धीर होतो आहे. लिपी मला शिकवली सारांनीच, माझ्या चाळिशीत.

मी एका कॉलेजात प्रोजेक्टर, माइक, स्पीकर सांभाळतो. प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त मॅडमनी माहितीपट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सामान माझ्याकडे आलं. महिन्यातले दोन रविवार, दुपारी. कधी कॉलेजात, कधी पापनाशमच्या पुढच्या गावांत, शाळेच्या हॉलमध्ये. पडदा म्हणजे धुऊन ताणलेली वेष्टी, इकडचं पांढरं धोतर. फिल्म इंग्रजीत नाहीतर हिंदीत, आणि समोरच्यांना दोन्ही परक्या. मग सार पडद्याशेजारी उभे राहून तमिळमध्ये सांगत जायचे. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे, नोकरी मधेच सोडलेली. ‘सर’चं तमिळ तोंडात ‘सार’ होतं; सगळं गाव ‘सार’ म्हणे, म्हणून मीही.

इंग्रजी आवाज म्हणाला, नर वाघ एकटा फिरतो, पिलांकडे बघत नाही. सारांनी सांगितलं, ‘हे गृहस्थ घरी टिकत नाहीत. मुलं कितवीत आहेत तेही ठाऊक नाही.’

मागून एक बाई नवऱ्याला ओरडली, ‘ऐकलंत का?’

तो म्हणाला, ‘वाघ तर म्हणालीस! पुरे मला.’

कॉलेजातल्या खेळाला आमच्यातल्या तीन-चार वयस्क बायका पहिल्या रांगेत असत. त्यांच्याकडे वाकून सार आमच्या मराठीत दोन शब्द टाकत. ‘सार, हरणाचं पिल्लू वांचलं का हो?’ ‘वांचलं, वांचलं.’ ‘मग तो बिबट्या काय खातोय?’ ‘दुसरं कायतरी असेल.’ तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. मरणाचं भाषांतर त्याला जमत नाही.

सारांना आजार होता. तरुणपणी एकदा झाला, मग चाळिशीनंतर. त्या दुसऱ्या खेपेला ते चार महिने दिसले नाहीत आणि अक्का, त्यांची थोरली बहीण, सगळ्यांना ‘बंगळूरला गेलाय’ सांगत होत्या. परत आले ते गोळ्या घेऊन. पुढे त्यांनी त्या सोडल्या. ‘गोळी घेतली की शब्द उशिरा येतात रे,’ मला म्हणाले. ‘आणि माझ्याकडे दुसरं आहे काय?’

एका सोमवारी अक्का कॉलेजातल्या माझ्या खोलीत आल्या. पिवळ्या कापडी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

‘माझ्यासमोर तोंडात टाकतो आणि न्हाणीत जाऊन थुंकतो. परवा सकाळी कालव्यात उभा होता, छातीभर पाण्यात. का, तर पाणी काय म्हणतंय ते ऐकत होता.’ मग जरा थांबून, ‘तुझी कॉफी रोज पितो ना?’

‘पितात.’

‘मग?’

एवढंच बोलणं झालं. डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं का, हे मी विचारलं नाही. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

सार रोज चार वाजता येत. पुढच्या रविवारची फिल्म आधी बघून ठेवायची, ही त्यांची रीत. पावणेचारला मी कागदाच्या घडीत गोळी ठेवून पेपरवेटनं चिरडायचो. कॉफीचा काढा, डिकॉक्शन म्हणतात तो, दाट; साखर दुप्पट. ‘आज कडक झालीय,’ ते म्हणत. ‘कॉफीतली चिकोरी, सार,’ मी म्हणे.

महिन्या-दोन महिन्यांत ते बरे दिसू लागले. झोपतात, जेवतात, अक्का सांगायच्या. आणि शब्द उशिरा येऊ लागले.

धनेश पक्ष्यावर एक फिल्म होती. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. सारांचं ‘भरवतो’ येईपर्यंत पडद्यावर हत्ती आले होते. मुलं हसली. बाहेर पायरीवर बसून सार म्हणाले, ‘वय झालं बघ. जीभ जड झाली.’ छप्पन्नाचे होते ते.

मी म्हटलं, ‘उकाडा किती आहे, सार.’

दुसऱ्या दिवसापासून ते वही आणू लागले. वाक्यं आधी लिहायची, पाठ करायची. परीक्षेला बसल्यासारखे पुटपुटत राहायचे, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून कॉफी ढवळायचो.

मग मॅडमनी दोन फिल्म एकत्र ठेवल्या: एक गिधाडांवर, एक मनाच्या आजारांवर. दुसरी मी शनिवारी एकट्यानं पाहिली. तिच्यात एक बाई स्वयंपाकघरात बसून बोलते. घरचे डाळीत गोळी घालून देत होते, म्हणते. सारांना मी सांगितलं, ‘फाइल अजून आली नाही.’ ती दोन मिनिटं रिमोटनं पुढे ढकलायची, असं मी ठरवलं होतं.

रविवारी रिमोट माझ्या हातात होता. बाई आली, भांडी आली, मी बटण दाबलं नाही. का नाही, हे मला अजून सांगता येत नाही. फार थकलो होतो, एवढं आठवतं.

बाई हिंदीत म्हणाली, ‘मला कळलं, तेव्हा आजाराचं वाटलं नव्हतं इतकं त्याचं वाईट वाटलं. त्यानंतर पाण्याचा पेलासुद्धा मी स्वतः विसळून घ्यायला लागले.’

सारांनी घोट घेण्यासाठी टंबलर उचलला होता. तो तसाच स्पीकरवर ठेवला. मग तिचं प्रत्येक वाक्य तमिळमध्ये सांगितलं. कितीतरी महिन्यांनी एकही शब्द उशिरा आला नाही. पहिल्या रांगेकडे मात्र ते वाकले नाहीत. फिल्म शेवटपर्यंत सांगून त्यांनी नीट हात जोडून माइक बंद केला.

लोक गेले. मी वायर गुंडाळत होतो. सार भरलेला टंबलर घेऊन समोर आले.

‘निवली,’ मी म्हटलं. ‘दुसरी देतो.’

‘नको. यात काय आहे?’

हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो.

‘काय असणार? चिकोरी जास्त पडली असेल.’

‘खरं?’

‘सार, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?’

‘आहे. म्हणून तर तुला विचारलं. अक्काला नाही विचारलं.’

त्यांनी मान मागे टाकली आणि ती गार कॉफी माझ्यासमोर पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी चारला आले. चेहरा ओढलेला. ‘घरचं जेवण बंद केलंय मी. तीच घालते, सांबारात. तिला तसं तोंडावर सांगितलं, तर गप्प बसून राहिली. आता तुझी कॉफी तेवढी.’ आणि टंबलर पुढे केला.

अक्कांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

त्या दिवशी मी पूड घातली नाही. नंतरही घातली नाही. हे अक्कांना सांगायला हवं होतं. ते सांगितलं तर बाकीचं बोलावं लागलं असतं. अक्का पट्ट्या पाठवत राहिल्या, मी घेत राहिलो, ड्रॉवर भरत गेला.

काही आठवड्यांनी एका गावात आम्ही पाणमांजरांवरची फिल्म दाखवली. एक कोळी मधेच उठून म्हणाला, ‘ही आमची जाळी फाडतात, त्याचं सांगा!’ सारांनी पाणमांजराच्या वतीनं त्याला उत्तर दिलं, मग कोळ्याच्या वतीनं पाणमांजराला झापलं, दोन आवाजांत, मागची फिल्म न चुकवता. लोक हसून लोळत होते. पुन्हा लावा, पुन्हा लावा, झालं. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘सार पहिल्यासारखे झाले की!’ मी मान हलवली. एवढे चांगले ते कधीच बोलले नव्हते. आजार परततोय हे मला दिसत होतं आणि मी ऐकत राहिलो.

त्यानंतर ते तीनलाच येऊ लागले, मग दोनला. बोलणं थांबेना. कॉलेजातल्या पुढच्या खेळाला फिल्म संपली, मी दिवे लावले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सार सांगतच होते. कोऱ्या वेष्टीकडे बघत, तमिळ, मराठी, इंग्रजी. पहिल्या रांगेतल्या बायका आधी हसल्या, मग एकमेकींचा हात धरून बाहेर गेल्या. मॅडमनी फोन केला म्हणून अक्का आल्या. त्यांनी सारांच्या मुठीतून एकेक बोट सोडवून माइक काढून घेतला.

माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, ‘गोळी असून असं झालं रे.’

मी वायर गुंडाळू लागलो.

यावेळी सार पाच महिने दवाखान्यात होते. आता अक्कांबरोबर पापनाशमला राहतात. गोळी स्वतःच्या हातानं पट्टीतून काढून घेतात, म्हणजे ते एक मार्गी लागलं. फिल्मना येत नाहीत. आम्ही गावात खेळ करतो तेव्हा आता तमिळमध्ये आवाज भरलेली फाइल लावतो. लोक बघतात. मधे कोणी काही विचारत नाही.

अक्कांचा फोन येतो अधूनमधून. ‘दोन चुली आहेत आमच्या घरात. त्याचा भात तो शिजवतो, माझा मी. मी वाढलेलं अजून खात नाही.’ मग माझ्या मुलांची चौकशी करतात. मी दोनदा बसनं पापनाशमला गेलो, त्यांच्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि त्याच बसनं परत आलो.

अक्कांना मला सांगायचं आहे की गोळी मी बंद केली होती. आणि सारांना सांगायचं आहे की कॉफीत गोळी होती, अक्कांनी दिलेली, मी घातलेली. सांबारात कधीच काही नव्हतं, जेवायला हरकत नाही. दोघांचंही हे देणं लागतो. अजून दिलेलं नाही.